डिकीच्या अस्तराचा दाखल क्रमांक

तपासनिसाने आमच्या गाडीचं इंजिन कान लावून ऐकलं, ब्रेक दाबून पाहिले, दिवे लावले-विझवले, चारही चाकांना बुटाच्या टोकाने एकेकदा ढोसलं आणि दर वेळी हातातल्या कागदावर बरोबरची खूण केली. मग त्याने डिकी उघडली आणि लगेच बंद केली.

"आत काय मेलंय?"

"काही मेलेलं नाही. अस्तर आहे ते," मी म्हणाले.

"होतं म्हणा," असं म्हणून त्याने कागदावर पहिली फुली मारली.

त्या फुलीचा अर्थ असा, की ठरावीक वयाच्या पुढच्या गाड्यांनी एकतर 'जतन केलेली जुनी गाडी' असा दाखला मिळवायचा, नाहीतर भंगाराच्या यार्डात जाऊन स्वतःचा चौकोनी ठोकळा करून घ्यायचा. माणसांना हा नियम अजून लागू झालेला नाही, असं आमच्या ह्यांनी त्या दिवशी दोनदा बोलून दाखवलं. मुदत तीस दिवसांची. त्यातही मेख अशी की अस्तर नवं चालणार नाही. पुठ्ठा, सरस, खिळे नवे चालतील, पण कापड मूळचंच हवं.

"बदललंत तर मला कळेल," तपासनीस म्हणाला.

तो माणूस मला तिथेच आवडला. संशयी माणसं कामाला चोख असतात.

मी चौतीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होते. कोण पानाचा कोपरा दुमडणार, कोण चित्रं कापून घेणार आणि कोण पुस्तक पोटाशी धरून बाहेर काढणार, हे मला माणूस दारात चपला काढत असतानाच कळायचं. लोक याला संशयी स्वभाव म्हणत. पण चौतीस वर्षांत माझ्या वाचनालयातून फक्त नऊ पुस्तकं गेली. त्यातली सहा कुणी नेली हे मला ठाऊक आहे. उरलेल्या तिघांनी हे वाचलंच, तर त्यांनी असं समजू नये की मी विसरले.

अस्तराची ही दशा झाली त्यालाही वाचनालयच कारण. दर शनिवारी मी डिकीत पुस्तकं भरून लांबच्या तीन वस्त्यांवर नेत असे. तिथे वाचनालय नव्हतं. गाडी झाडाखाली लावायची, डिकीचं झाकण वर करायचं आणि लोकांनी वाकून पुस्तकं निवडायची. एक शिंपीणबाई तर पुस्तक परत करताना शेवट कसा हवा होता ते मला सांगायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असे. तेव्हा ते अस्तर काय देखणं होतं! राखाडी जाड विणीचं कापड, त्यात तांबड्या बारीक रेघा. गाडी नवी असताना आम्ही पाहुण्यांना ती मागच्या बाजूने दाखवत असू. पण पुस्तकांना कोपरे असतात, पावसाला अंत नसतो, आणि आमच्या ह्यांना डिकीत ओली छत्री टाकायची सवय आहे.

फुलीची बातमी संध्याकाळच्या आत वरच्या मजल्यावर पोचली, आणि तिथून सर्वज्ञ खाली आले. हे आमचे शेजारी. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे कुणालाच माहीत नाही, कारण ते सगळ्याच खात्यांबद्दल सारख्याच अधिकाराने बोलतात.

"वहिनी, अस्तर करून घ्या, पण कापडावर डोळा ठेवा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "जुन्या गाड्यांचे शौकीन असतात. ते या कापडासाठी जीव टाकतात. कुशनवाले मूळचं काढून घेतात आणि तसलंच दिसणारं दुसरं चिकटवून देतात. कळतसुद्धा नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळत नाही म्हणून तर सांगतोय."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एक पाल कुशनवाल्याविषयी, आणि दुसरी, खरं सांगायचं तर, सर्वज्ञांविषयी. कारण आमची गाडी गेली तर आवारातली तिची सावलीची जागा कुणाला मिळणार होती?

कुशनवाले मास्तर दुसऱ्या दिवशी आले. साठीचे, अंगाने बारीक, तोंडात चार-पाच खिळे धरून बोलणारे. त्यामुळे ते काय बोलले हे समजायला थोडा वेळ लागे, आणि मला तेही संशयास्पद वाटलं. त्यांनी डिकीत डोकं घातलं, बराच वेळ घातलेलंच ठेवलं, आणि बाहेर काढून म्हणाले, "आजी, कापडात जीव आहे. पुठ्ठा गेलाय."

'कापडात जीव आहे' हे त्यांनी ज्या प्रेमाने म्हटलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

त्यांनी अस्तराचे सात तुकडे सोडवले. तळाचा, दोन्ही बाजूंचे, मागच्या सीटच्या पाठीचा, झाकणाच्या आतला, कुलपाखालची अरुंद पट्टी आणि स्टेपनीवरचं गोल झाकण. त्याखालून दोन पेन्सिली, मूठभर वाळू आणि निळ्या खड्याचं एक कानातलं निघालं.

मी कानातलं ह्यांच्यापुढे धरलं. "हे कुणाचं?"

"तुझंच असेल."

"मी असलं कधी घातलेलं नाही."

"मग... मग पुस्तक न्यायला येणाऱ्या कुणाचं तरी असेल गं."

'मग' हा शब्द दोनदा आला, हे मी मनात टिपून ठेवलं. पुढचे तीन दिवस हे स्वतःहून भाजी आणायला गेले. चौथ्या दिवशी जुने फोटो चाळताना मला एक फोटो सापडला. त्यात मी गाडीला टेकून उभी आहे आणि माझ्या कानात तेच निळे खडे आहेत. ही गोष्ट मी ह्यांना अजून सांगितलेली नाही. कानातलं आरशाच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलंय. भाजी अजून तेच आणतात.

पण मी सांगत होते ते तुकड्यांचं. मास्तर ते दुकानात नेणार होते. मी म्हटलं, इथेच करा. ते म्हणाले, इथे शिलाईचं मशीन आहे का? घोडं तिथे अडलं. तेव्हा मी केलं ते फक्त माझ्यासारख्या बाईलाच सुचलं असतं, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायची पाळी पुढे माझ्यावर आली ती त्याच्यापायी.

वाचनालयात प्रत्येक पुस्तकावर दोन शिक्के मारतात. एक पहिल्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा आतल्या एका गुप्त पानावर. आमचं गुप्त पान सदतिसावं. पुस्तकचोर पहिलं पान फाडतो आणि निश्चिंत होतो. मग आपण त्याच्यासमोर शांतपणे सदतिसावं पान उघडायचं. ते उघडताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षी शिक्के नवे आले, आणि मूठ तडकलेला जुना शिक्का मी आठवण म्हणून घरी आणला. रीतसर विचारून, चिठ्ठी घेऊन.

ह्यांना मास्तरांना चहा द्यायला लावलं, बिस्किटं मोजून नव्हे तर डबाच पुढे ठेवायला सांगितलं, आणि मी सातही तुकड्यांच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यापासून चार बोटं आत, शिक्का मारला. 'वाचनालयाची मालमत्ता'. गोल, जांभळा, सुबक, आणि शाई धुऊनही न जाणारी. आणि हात थांबेना. शिक्क्याखाली दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला पुस्तकाचा आकडा, नसेल तर तो शिक्का मला उघड्या पायांच्या माणसासारखा दिसतो. निवृत्तीच्या दिवशी मी शेवटच्या पुस्तकावर घातलेला क्रमांक होता चोवीस हजार सहाशे अठरा. तेव्हा सातही तुकड्यांवर मी त्याच्या पुढचे, सहाशे एकोणीसपासून सहाशे पंचवीसपर्यंतचे, आकडे घालून मोकळी झाले.

पुढचे तीन आठवडे मी रोज मास्तरांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसत होते. दुकान म्हणजे एक लांब खोली, मधे पडदा, पडद्याआड मशीन. पडदा कशाला?

"उन्हासाठी, आजी."

"ऊन तर मागून येतं."

मास्तरांनी तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. "आजी, बसा. रोज बसा. पण मानेवर श्वास नका सोडू. शिलाई वाकडी जाते."

मी स्टूल वीतभर मागे घेतलं. त्याहून जास्त नाही.

पंचविसाव्या दिवशी त्यांनी तुकडे आणून डिकीत लावायला सुरुवात केली आणि मी ओरडलेच. तांबड्या रेघा चक्क लाल झाल्या होत्या, राखाडी रंग दोन छटा उजळला होता. "हे आमचं कापड नाही!"

"तुमचंच आहे. धुतलंय."

"धुऊन एवढं?"

"तुम्ही कधी धुतलं होतं का?"

मी त्यांची पाठ वळल्यावर एक कोपरा उचलून हळूच पाहिलं. जांभळा शिक्का, चोवीस हजार सहाशे बावीस. एकेक करत सातही पाहिले. माणूस प्रामाणिक निघाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं लिहायचं तर थोडीशी निराशा झाली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. शेवटची पट्टी ठोकायला मास्तर थांबले होते, आणि सर्वज्ञ सहज फिरत फिरत खाली आले होते, म्हणजे जिना उतरून थेट. तपासनिसाने डिकी उघडली, आणि उघडीच ठेवली. खिशातून भिंग काढून कापडाची वीण पाहिली. "मूळचं आहे," तो म्हणाला. "सुरेख." मास्तरांनी खाली पाहिलं. मी वर पाहिलं. आणि मग त्या चोख माणसाने, मला आवडलेल्या त्या संशयी माणसाने, खात्री म्हणून पट्टीचा सैल कोपरा उचलला.

"हा शिक्का कसला?"

त्याने भिंग धरून वाचलं. मग दुसरा तुकडा उचकून पाहिला.

"आजी, गाडी तुमच्या नावावर आहे. अस्तर वाचनालयाचं आहे. म्हणजे एकतर हे या गाडीचं अस्तर नाही, नाहीतर ही गाडी तुमची नाही."

"अहो, तो शिक्का मीच मारलाय!"

"तुम्ही वाचनालयात आहात?"

"होते."

"आता नाही. आणि शिक्का तुमच्याकडे आहे." त्याने पेन काढलं. "का मारलात?"

मास्तर चार फुटांवर हातोडी धरून उभे होते. दुसरी कुठलीही थाप मारता आली असती, पण मला चौतीस वर्षांत फक्त दुसऱ्यांच्या थापा ऐकायची सवय.

"कापड बदललं तर कळावं म्हणून," मी म्हणाले.

"कोण बदलणार होतं?"

मास्तरांनी हातोडी पिशवीत ठेवली. खिळे एकेक करून डबीत टाकले. "धुताना शिक्के दिसले होते, मला वाटलं जुनेच. म्हणजे संशय माझ्यावर होय," ते म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"मी वहिनींना म्हटलं होतं, मास्तर चांगले आहेत," सर्वज्ञ म्हणाले.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तपासनिसाने लिहून दिलं, की वाचनालयाचं पत्र चार दिवसांत आणा, नाहीतर यार्डाची गाडी येईल आमच्या गाडीला न्यायला. त्या रात्री जेवताना हे एवढंच म्हणाले, "अगं, आपल्या गाडीसारखी दुसरी गाडी नाही मिळायची." ह्यांनी गाडी कधी चालवलेली नाही. चाळीस वर्षं शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबतात. पण जेवण झाल्यावर खाली जाऊन गाडीवरची धूळ पुसून आले.

वाचनालयात माझ्या खुर्चीवर आता एक चाळिशीच्या बाई बसतात. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दाखल नोंदवही काढली. अजून तीच लाल पाठीची वही पाहून मला बरं वाटलं, तेही क्षणभरच.

"बाई, चोवीस हजार सहाशे एकोणीस ते पंचवीस म्हणजे मुलांचा ज्ञानकोश, सात खंड. मी रुजू झाले तेव्हाची माझी पहिली नोंद." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. माझीच होती. "खंड जागेवर आहेत का ते बघूया."

मला पुढे चालायला लावून त्या मागून आल्या. मीही असंच करत असे. सातही खंड जागेवर होते. त्यांनी प्रत्येक खंडाचं पहिलं पान पाहिलं. मी त्यांचं लक्ष नाही असं पाहून एकाचं सदतिसावं उघडलं. शिक्का होता.

"आम्ही मारतो अजून," त्या मागे न वळता म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणात ते कशानेही येतं, त्याचा फार अर्थ लावू नये.

"मग लिहून द्या ना, की अस्तर वाचनालयाचं नाही."

"शिक्का खरा आहे, बाई. आमचा खरा शिक्का असलेली वस्तू आमची नाही, असं मी सहीनिशी लिहून देऊ? उद्या पुस्तकचोर तेच पत्र दाखवतील. तुम्ही दिलं असतंत?"

नसतं दिलं. मेले तरी नसतं दिलं.

"मग आमचं आहे आणि रद्द केलंय असं लिहायचं, तर समितीची बैठक लागते. ती पुढच्या महिन्यात."

"आणि गाडी परवा जाते."

त्यांनी सातवा खंड फळीवर सरळ केला. मग त्या म्हणाल्या, "देणगी म्हणून दिलंत तर? देणगी स्वीकारायचा अधिकार मला आहे. तेच क्रमांक, पुढे 'अ' लावून."

"दाखल क्रमांकाला 'अ' लावत नाहीत!" मी उसळून म्हणाले. "एक वस्तू, एक क्रमांक. चौतीस वर्षांत मी एकदाही—"

"गाडी की 'अ', बाई?"

मी देणगीच्या अर्जावर सही केली. तुमच्यापैकी कुणी ग्रंथपाल असेल तर त्यालाच कळेल मी काय सोसलं ते.

अस्तर वाचनालयाचं झालं. आता ते माझ्या गाडीत राहायचं तर मी ते वाचक म्हणून घरी न्यायला हवं. आणि नियम असा, की एका वाचकाला एका वेळी दोनच वस्तू. हा नियम कुणी केला ते मी सांगत नाही. माझ्या नावावर दोन, ह्यांच्या नावावर दोन. सर्वज्ञ सभासद निघाले (एकही पुस्तक न नेता बावीस वर्षं!), त्यांच्या नावावर दोन. झाले सहा. उरलं स्टेपनीचं गोल झाकण.

"ओळखीचं कुणी?" बाईंनी विचारलं.

ओळखीच्या ज्यांना ज्यांना मी आठवून पाहिलं, त्यांना मी कधी ना कधी पुस्तकावरून सुनावलेलं होतं. शेवटी मी मास्तरांच्या दुकानात गेले. पडदा बाजूला होता. मी स्टुलावर बसले नाही, उभीच राहिले.

"मास्तर, माझं चुकलं."

ते शिवत राहिले.

"गाडी परवा यार्डात जाईल. तुमचं कामही जाईल तिच्याबरोबर."

मशीन थांबलं. "सात तुकडे हाताने धुतलेत मी," ते म्हणाले. "आठ पाण्यांनी. तांबडा रंग राखाडीवर जाऊ नये म्हणून रेघ न् रेघ कापसाने टिपलीय." मग पायात चपला सरकवल्या. "कुठं यायचंय?"

नव्या सभासदासाठी जुन्या सभासदाची हमी लागते. बाईंनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. 'सदर व्यक्ती माझ्या माहितीची असून पूर्णपणे विश्वासू आहे.' खाली सहीची रेघ. असल्या कागदावर मी उभ्या आयुष्यात कुणासाठी सही केलेली नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीलाही मी दुसरा हमीदार शोधायला लावला होता. पेन हातात घेतलं आणि हात थांबला. मास्तर भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखे उभे होते. बरोबर आलेल्या ह्यांनी माझ्या कोपराला हळूच कोपर लावलं.

"अगं, कर."

मी सही केली. 'पूर्णपणे' या शब्दावर रेघ मारायचा मोह झाला होता, पण आवरला.

तपासनिसाने पत्र दोनदा वाचलं. 'सदर अस्तर वाचनालयाच्या मालकीचे असून चार वाचकांना रीतसर देण्यात आले आहे.' त्याच्या कागदावर एक रकाना होता, 'सुट्या भागांची मालकी: स्वतःची किंवा अन्य, अन्य असल्यास पत्र जोडावे'. तो रकाना आजवर कुणीच भरला नव्हता. त्याने तो इतक्या आनंदाने भरला की मला पुन्हा तो माणूस आवडू लागला. गाडी वाचली.

मात्र वस्तूची मुदत पंधरा दिवसांचीच असते, आणि नूतनीकरणाला वस्तू आणि वाचक दोन्ही समक्ष लागतात. तेव्हा दर दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं गाडीतून वाचनालयात जातो. मी चालवते, हे शेजारी बसून ब्रेक दाबतात, मागे सर्वज्ञ मास्तरांना शिलाई कशी करायची ते समजावून सांगतात. बाई खाली येऊन सातही कोपरे उचलून शिक्के तपासतात. मास्तरांच्या नावावर एक जागा शिल्लक असल्यामुळे ते दर वेळी एक पुस्तकही नेतात. मी त्यांना सुचवायला जाते, पण ते माझं ऐकत नाहीत.

परवा वाचनालयातून परत निघताना सगळे बसले तरी मास्तर येईनात. मागे जाऊन बघते तर डिकी उघडून, चष्मा कपाळावर चढवून, ते स्टेपनीचं झाकण उलटंपालटं करून बारकाईने पाहत होते.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही, आजी," ते म्हणाले. "माझ्या नावावरची वस्तू पंधरा दिवस तुमच्याकडे असते. बघायला नको?"